स्मृतिकार्य (स्त्रीवादी संशोधनपद्धती)

स्वतःच्या आयुष्यातला एखादा प्रसंग आठवायचा, तो लिहून काढायचा आणि गटात बसून त्याची चिकित्सा करायची, अशी ही स्त्रीवादी संशोधनाची पद्धत. ‘एरिनरुंग्सआर्बाइट’ या जर्मन संज्ञेसाठी मराठीत ‘स्मृतिकार्य’ हा शब्द वापरता येतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ फ्रिगा हाउग आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १९८०च्या सुमारास ही पद्धत घडवली. जी आठवण सांगते तीच तिचा अभ्यासही करते. प्रश्न विचारणारी संशोधक आणि उत्तरे पुरवणारी स्त्री असे दोन पक्ष इथे उरत नाहीत.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीत बायका लहान लहान गटांत आपले अनुभव बोलू लागल्या होत्या. ‘जे वैयक्तिक तेच राजकीय’ ही घोषणा त्याच वातावरणातली. त्या चळवळीतल्या कार्यकर्त्या कॅरल हॅनिश यांचा त्या शीर्षकाचा लेख १९७० साली प्रसिद्ध झाला. एकीला वाटणारी लाज दुसरीलाही वाटते हे उमजणे फार मोलाचे होते. पण ती लाज आली कुठून आणि मुरली कशी, याचा शोध घ्यायला नुसते बोलणे अपुरे पडे. हाउग यांनी आणखी एक अवघड प्रश्न पुढे आणला. स्त्रिया फक्त बळी आहेत, की स्वतःला घडवताना त्या पुरुषप्रधान व्यवस्थेला हातभारही लावतात? १९८०मधील त्यांच्या या मांडणीवरून डाव्या चळवळीत बराच वाद झाला. स्मृतिकार्याचा गाभा मात्र याच प्रश्नात आहे. घडण्याची प्रक्रिया आतून पाहायची, तर ज्या क्षणी आपण जुळवून घेतले त्या क्षणाकडे परत जावे लागते.

गट आधी एक विषय ठरवतो. ‘स्त्रीत्व’ असा भारदस्त विषय दिला की सगळ्या जणी ठरीव उत्तरे लिहितात. म्हणून विषय साधा आणि अंगाला भिडणारा हवा. हाउग यांच्या गटाने केस आणि पाय असे विषय घेतले होते. त्यातून झालेला शरीराच्या लैंगिकीकरणावरचा, म्हणजे शरीराला लैंगिक अर्थ कसे चिकटतात यावरचा, ग्रंथ १९८३ साली जर्मनमध्ये आणि १९८७ साली इंग्रजीत आला.

‘पाय’ या विषयावर एखादी लिहील : ‘ती आठ वर्षांची आहे. बाकावर पाय फाकवून बसली आहे, गुडघ्यावर खरचटल्याची खपली आहे. फोटो काढणारा थांबतो. कुणीतरी म्हणते, नीट बस. ती फ्रॉक खाली ओढते. तो गुडघ्यापर्यंत पुरत नाही, म्हणून खपलीवर हात ठेवते.’ ‘मी’च्या जागी ‘ती’ लिहिणे हा पद्धतीचा एक मूळ नियम. ‘मी’ स्वतःची बाजू मांडत बसते; ‘ती’कडे थोडे लांबून पाहता येते, आणि लिहिणारी ज्याला क्षुल्लक म्हणून गाळणार होती तेही कागदावर उतरते. एकच प्रसंग घ्यायचा, बारीकसारीक तपशिलांसकट लिहायचा, आणि अर्थ लावायचा मोह आवरायचा. ‘तेव्हापासून मला शरीराची लाज वाटू लागली’ हे वाक्य लिहिले की आठवणीचे दार लागलेच.

मग गट सगळ्या आठवणी शेजारी शेजारी ठेवून वाचतो. काय सारखे आहे, काय वेगळे, कुठे घासून गुळगुळीत झालेले शब्द आले आहेत, आणि काय लिहिलेच गेलेले नाही? वरच्या प्रसंगात ‘नीट’ म्हणजे कसे, हे कुणी सांगितलेले नाही. तरी मुलीला ते ठाऊक आहे. ‘कुणीतरी’ कोण, याचाही पत्ता नाही. चर्चेनंतर लेखिका तीच आठवण पुन्हा लिहिते. दोन खर्ड्यांत जे अंतर पडते तेच बहुतेक वेळा सर्वांत बोलके असते. शेवटी या सामग्रीच्या आधारे प्रचलित सिद्धान्त तपासले जातात. जून क्रॉफर्ड, सुझन किपॅक्स, जेनी ऑनिक्स, उना गॉल्ट आणि पॅम बेंटन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी भावना आणि लिंगभाव (समाजाने घडवलेले बाईपण-पुरुषपण) यांच्या अभ्यासासाठी ही पद्धत वापरली. त्यांचा ग्रंथ १९९२ साली निघाला.

आठवण भरवशाची नसते, हा आक्षेप सर्वांच्या ओळखीचा आहे. तो खराही आहे : आठवताना माणूस भूतकाळ नव्याने रचतो, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२मध्येच दाखवले. म्हणून न्यायालयीन पुरावा किंवा घटनांचा इतिहास म्हणून ही सामग्री चालणार नाही. तिथे मौखिक इतिहास आणि कागदपत्रे यांचाच आधार हवा. स्मृतिकार्याला ती रचनाच अभ्यासायची असते. अधिक खोल आक्षेप इतिहासकार जोन स्कॉट यांच्या १९९१च्या लेखातून निघतो : अनुभव हा स्वयंसिद्ध पुरावा नव्हे, तो कसा घडला हेच स्पष्ट करायला हवे. गटातली चिकित्सा नीट झाली तर या आक्षेपाला उत्तर मिळते. ती उरकली तर उरतात फक्त जिव्हाळ्याच्या गोष्टी. शिवाय एकाच वर्गातल्या, सारख्या शिकलेल्या स्त्रियांचा गट आपल्या सामायिक गृहीतांना क्वचितच हात लावतो. माझ्या मते ही या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा आहे.

पुढे या पद्धतीला फाटे फुटले. चित्रपट-अभ्यासक ॲनेट कून यांनी १९९५च्या पुस्तकात घरातल्या छायाचित्रांवरून आठवणींचा माग काढला. ब्रॉनविन डेव्हिस आणि सुझन गॅनन या संशोधकांनी ‘सामूहिक चरित्र’ ही, गटाने मिळून आठवणी सांगण्या-लिहिण्याची, जवळची पद्धत विकसित केली.

नैतिक पेच मात्र सुटलेला नाही. लिहिणारीने संमती दिलेली असते. आठवणीतल्या आईने, बहिणीने, शिक्षिकेने दिलेली नसते. नावे बदलली तरी घरचे माणूस ओळखू येतेच. त्यामुळे काही आठवणी गटात वाचायच्या पण छापायच्या नाहीत, हे काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्यावे लागते.