फोल्डर आहे का पाहाले 'नल' काहून विचारायचे

आमच्या तालुक्यातल्या एका जिनिंगवर काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये जुनी बॅच फाइल (ओळीनं कमांड लिहिलेली फाइल) होती, कापसाच्या गाड्यांच्या पावत्या तारखेच्या फोल्डरमध्ये टाकणारी. पोरानं उघडली तर आत इफ एक्झिस्ट (म्हणजे 'असलं तर'), मग फोल्डरचं नाव, उलटा स्लॅश आणि शेवटी नल. म्हणे, काका, नल नावाची फाइल तर तिथं दिसतच नाही, मग हे काय शोधून राहिलं?

तर झालं असं की 1981 च्या पहिल्या डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिममध्ये, फोल्डर हा प्रकारच नव्हता. 160 केबीची फ्लॉपी, सगळ्या फायली एकाच ढिगात, आणि प्रिंटरले पीआरएन, कीबोर्ड-स्क्रीनले कॉन, कचऱ्यात टाकाचं असलं तर नल, अशी फायलींसारखीच नावं. 1983 मध्ये 10 एमबीची हार्ड डिस्क असलेला आयबीएमचा पीसी एक्सटी आला, त्यासोबत डॉस 2.0 आणि त्यात युनिक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमकडून उचललेल्या डिरेक्टऱ्या, म्हणजेच फोल्डर. आता जुने प्रोग्रॅम कोणत्याही डिरेक्टरीतून चालले तरी पीआरएन सापडलं पाह्यजे ना, म्हणून ही नावं सगळ्याच डिरेक्टऱ्यांत आहेत असं डॉस मानायला लागला. इफ एक्झिस्टले फक्त फायली दिसायच्या, फोल्डर दिसत नव्हतं, म्हणून लोकांनी जुगाड केला, की आत नल सापडला म्हणजे फोल्डर आहेच. (विंडोजमध्ये कॉन नावाचं फोल्डर बनत नाही, हा जो चमत्कार म्हणून फॉरवर्ड फिरतो ना, त्याचं मूळही हेच, चमत्कार बिमत्कार काही नाही.)

युनिक्सवाल्यांले हा ताप नव्हता, तिथं टेस्ट डॅश डी ही कमांड 'फोल्डर आहे का' असं सरळ विचारते. व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेतलं डिर मात्र फोल्डरसाठीचं व्हीबीडिरेक्टरी लावलं तरी त्या नावाची साधी फाइल असली की तिलाच फोल्डर समजून हो म्हणते, यानं मी स्वतः दोन दिवस घालवले. पुढं थेट फोल्डरच विचारणारं फोल्डरएक्झिस्ट्स आलं, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये डिरेक्टरी डॉट एक्झिस्ट्स.

पण आधी पाहा आणि मग बनवा यातच एक गोम आहे. दोन काटे एकाच शेअर फोल्डरवर, दोघांनी एकाच वेळी पाह्यलं, दोघांले नाही दिसलं, एकानं बनवलं आणि दुसरा एरर देऊन बसला. पायथन भाषेच्या 3.2 नं 2011 मध्ये फोल्डर बनवणाऱ्या मेकडर्सले एक्झिस्ट ओके दिलं, म्हणजे आधी विचारत बसायचंच नाही, बनव, आणि असलं तर गप राह्य.

एनटी घराण्यातल्या, म्हणजे आताच्या विंडोजवर नलचा भरवसा नाही, म्हणून जिनिंगच्या फाइलीतून मी तो काढला, नुसता स्लॅश ठेवला. पोरगा म्हणे, एवढंच?