‘नावावर घर नाही’ म्हणजे नेमकं काय? घरकुलाच्या निकषांची चाळीस वर्षं

घरासाठीच्या सरकारी अनुदानाची चौकशी सुरू केली की ‘हे तुमचं पहिलंच घर ना?’ हा प्रश्न हमखास येतो. गंमत म्हणजे पंतप्रधान आवास योजनेच्या नियमांत ‘पहिलं’ या शब्दावर काहीच अडलेलं नाही. नियम विचारतो ते वेगळं. अर्जदाराच्या किंवा त्याच्या कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर आहे का? वाक्य साधं आहे, पण ‘पक्कं’ कशाला म्हणायचं, ‘कुटुंब’ कुणाकुणाचं, यावर गेली चाळीस वर्षं खल चालू आहे.

सुरुवात खेड्यांपासून झाली. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना आली, तीही स्वतंत्र नव्हे, ग्रामीण भूमिहीनांच्या रोजगार हमी कार्यक्रमाचा एक भाग म्हणून. घर कुणाला द्यायचं याचा तेव्हा फारसा घोळ नव्हता. अनुसूचित जाती-जमातींची कुटुंबं आणि मुक्त झालेले वेठबिगार, एवढ्यांसाठीच ती होती. १९९३-९४ पासून दारिद्र्यरेषेखालच्या इतर कुटुंबांनाही दार उघडलं आणि त्याबरोबर रेषेखाली कोण हे ठरवण्याची डोकेदुखीही आली. १ जानेवारी १९९६ पासून योजना स्वतंत्र झाली. पुढच्याच वर्षीच्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणात दोन हेक्टरांपेक्षा जास्त जमीन, पक्कं घर किंवा वर्षाला २० हजारांवर उत्पन्न असेल तर कुटुंब यादीबाहेर गेलं. घरात टीव्ही, विजेचा पंखा, मोटारसायकल असली तरीही तेच. म्हणजे पंख्याखाली झोपणारा गरीब नव्हे! २००२ मध्ये ही पद्धत टाकून गुणांची आली. १३ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. जितके गुण कमी तितका माणूस गरीब. नापास होण्यात फायदा असलेली ही एकमेव परीक्षा असावी.

२०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणनेने मात्र थेट घराच्या भिंती आणि छप्पर मोजलं. २०१६ मध्ये इंदिरा आवासची जागा पंतप्रधान आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली तेव्हा याच गणनेचा आधार घेतला गेला. बेघर कुटुंबं आणि कच्च्या भिंती-कच्च्या छपराच्या एक-दोन खोल्यांत राहणारी कुटुंबं पात्र ठरली. अनुदान सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये, घर किमान २५ चौरस मीटरचं.

इथे ‘पक्कं’ या शब्दाने अनेकांना चकवलं. गवत, पाचट, प्लॅस्टिक, हाताने घडवलेली कौलं हे छप्पर कच्चं. पण कारखान्यात तयार झालेली मंगलोरी कौलं पक्की, आणि गणनेच्या परिभाषेत लोखंडी पत्राही पक्काच. मराठवाड्यात वैशाखाच्या दुपारी पत्र्याखाली बसून पाहिलेल्या माणसाने ही व्याख्या केली असेल असं वाटत नाही.

त्यावर आपोआप बाद ठरवणारे १३ निकष होते. घरात दुचाकी, फ्रिज किंवा लँडलाइन फोन असला, ५० हजारांवर मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असलं, कुणाची महिन्याची कमाई १० हजारांवर गेली, की नाव कटलं. यांत्रिक मासेमारी नौकेचाही त्यात समावेश होता, म्हणजे कोकणातला होडीला इंजिन बसवलेला कोळी गेला. दूध डेअरीवर पोचवायला जुनी मोटारसायकल ठेवणारा दोन म्हशींचा मालकही गेला. लँडलाइन गावांतून नाहीशी झाली तरी ती यादीत टिकून होती. अखेर २०२४ मध्ये दुचाकी, नौका, फ्रिज आणि लँडलाइन या अटी निघाल्या, कमाईची मर्यादा १५ हजार झाली आणि निकष दहावर आले. २०११ चे १० हजार तोवर जागचे हलले नव्हते.

गणनेतून तयार झालेल्या यादीला आपल्याकडे ‘ब’ यादी म्हणतात. तीत सुटलेल्यांसाठी २०१८ मध्ये आवास प्लस सर्वेक्षण झालं, त्यातून ‘ड’ यादी निघाली आणि ग्रामपंचायतीत ‘ड यादीत नाव आहे का?’ हा परवलीचा प्रश्न झाला. याखेरीज राज्याच्या स्वतःच्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, २०२३ पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास.

शहरांची गोष्ट वेगळी, कारण तिथे यादीपेक्षा पगाराची स्लिप महत्त्वाची. २००८ मध्ये शहरी गरिबांना एक लाखापर्यंतच्या गृहकर्जावर ५ टक्के व्याजसवलत देणारी योजना आली. २०१३ मध्ये राजीव ऋण योजनेने ही मर्यादा पाच लाखांवर नेली. २५ जून २०१५ ला पंतप्रधान आवास योजना (शहरी) सुरू झाली. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर आर्थिक दुर्बल, सहा लाखांपर्यंत अल्प उत्पन्न गट. सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के सवलत, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे २ लाख ६७ हजार, तीही एकदम कर्जखात्यात. या दोन गटांत घर घेताना घरातल्या बाईचं नाव मालकीत असणं बंधनकारक केलं गेलं. माझ्या मते या सगळ्या नियमांत सर्वांत दूरवर परिणाम करणारा हाच.

नोटबंदीनंतर, ३१ डिसेंबर २०१६ च्या भाषणात पंतप्रधानांनी मध्यमवर्गालाही सवलत जाहीर केली आणि उत्पन्नाची मर्यादा १८ लाखांपर्यंत गेली. घराच्या आकाराची मर्यादा दोनदा वाढवत २०१८ मध्ये वरच्या गटासाठी २०० चौरस मीटर केली गेली. हे झाले साधारण २,१५० चौरस फूट. मुंबईत १८ लाखांच्या पगारावर एवढं घर शोधणारा भेटला तर त्याचा सत्कार करायला हवा. उलट तीन लाखांची अट मुंबईला इतकी तोकडी पडली की २०२३ मध्ये महानगर प्रदेशापुरती आर्थिक दुर्बलांची मर्यादा सहा लाख करावी लागली.

‘कुटुंब’ म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. म्हणून गावचं घर वडिलांच्या नावावर असलं तरी लग्न झालेल्या मुलाला त्याची अडचण नाही. मध्यमवर्गाच्या सवलतीत पुढे आणखी एक वाट निघाली. कमावत्या सज्ञान मुलाला किंवा मुलीला, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब मानता येऊ लागलं. अडचण येते ती वडिलांच्या पश्चात. वारसनोंद होऊन चार भावंडांची नावं ‘आठ अ’ला, म्हणजे गावच्या मालमत्तेच्या उताऱ्याला लागली, की ‘माझ्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नाही’ असं शपथपत्रावर लिहिताना हात थबकतो.

मध्यमवर्गाची ही व्याजसवलत मार्च २०२१ मध्ये संपली, खालच्या दोन गटांची मार्च २०२२ मध्ये. १ सप्टेंबर २०२४ पासून शहरी योजनेचा दुसरा टप्पा लागू झाला. त्यात मध्यम गट नऊ लाखांवरच थांबतो, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत हवं. गेल्या २० वर्षांत दुसऱ्या कोणत्याही सरकारी योजनेतून घर घेतलेलं नसावं, ही अटही आहे. अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पण आता एकरकमी नाही, पाच वार्षिक हप्त्यांत. हप्ता जमा होताना कर्जखातं चालू हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी हवं. बोनस आला की आधी कर्जात भरून मोकळं होणाऱ्यांनी हे कलम सही करण्यापूर्वी वाचावं.