फाइलमधला टिकाऊ काउंटर (सी भाषा)

प्रोग्रॅम बंद झाला किंवा वीज गेली तरी शेवटचा आकडा हरवू नये, म्हणून तो फाइलमध्ये लिहून ठेवण्याची पद्धत. सी भाषेतला व्हेरिएबल मेमरीत राहतो. त्यापुढे ‘स्टॅटिक’ (फंक्शन संपले तरी किंमत टिकवणारा शब्द) लावले तरी तो प्रोग्रॅम संपेपर्यंतच जगतो. नवे शिकणारे इथे हमखास फसतात.

कोल्हापूरकडच्या साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांपुढे आणला की गरज लगेच कळते. ऐन गळीत हंगामात पहाटे वीज गेली आणि संगणक पुन्हा सुरू झाला, तर ४८१३ नंबरनंतरची पावती ४८१४ च निघाली पाहिजे. वजनावरून वाद झाला की ऊस उत्पादकाच्या हातात तेवढाच कागद असतो.

कृती छोटी आहे. ‘आर’ (वाचायच्या) मोडने फाइल उघडून ‘एफस्कॅनएफ’ने आकडा वाचायचा, एकने वाढवायचा, ‘डब्ल्यू’ (लिहायच्या) मोडने पुन्हा उघडून ‘एफप्रिंटएफ’ने लिहायचा आणि फाइल बंद करायची. फाइल नसेल तर ती उघडणारे ‘एफओपन’ फंक्शन नल (रिकामा पॉइंटर, म्हणजे उघडता आली नाही) देते. पण परवानगी नसली तरीही नलच मिळतो, त्यामुळे ‘एरनो’ (चुकीचे कारण सांगणारा आकडा) न पाहता शून्यापासून सुरुवात करणे चूक.

‘आर प्लस’ (वाचायच्या आणि लिहायच्या) मोडने एकदाच उघडूनही काम होते, मात्र वाचन आणि लेखन यांच्या मधे ‘रिवाइंड’ (फाइलच्या सुरुवातीला परत जाणे) हवे. या मोडमध्ये जुना मजकूर पुसला जात नाही. नव्या हंगामासाठी ४८१३ वर नुसता १ लिहिला, तर फाइलमध्ये १८१३ उरतो! म्हणून आकडा ठरावीक रुंदीत, पुढे शून्ये भरून लिहावा.

खरा धोका ‘डब्ल्यू’ मोडचा. फाइल उघडताच ती रिकामी होते. त्याच क्षणी वीज गेली तर जुना आकडा गेला आणि नवाही नाही. लिनक्सवर यावरचा भरवशाचा उपाय म्हणजे नवा आकडा शेजारच्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून, ‘एफफ्लश’ (प्रोग्रॅमकडून सिस्टिमकडे) आणि ‘एफसिंक’ने (सिस्टिमकडून डिस्ककडे) डिस्कवर पोहोचवून, मग ‘रिनेम’ करणे, म्हणजे तिला मूळ फाइलचे नाव देणे. वाचणाऱ्याला जुनी फाइल मिळते किंवा नवी, अर्धवट कधीच नाही. विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर ‘रिनेम’ अपयशी ठरते.

दोन काटे एकच फाइल वापरत असतील तर दोघेही ४८१३ वाचून ४८१४ छापू शकतात. ते टाळायला वाचण्याआधी फाइलला कुलूप (एका वेळी एकालाच वापरू देणारी खूण) लावून लिहून झाल्यावरच सोडावे लागते. सीच्या प्रमाण लायब्ररीत फाइलला कुलूप लावायची सोय नाही. लिनक्सवर ‘एफलॉक’ वापरतात. सोबत ‘रिनेम’ असेल तर कुलपाची फाइल वेगळी ठेवावी, कारण आकड्याच्या फाइलच्या जागी दर पावतीला नवीच फाइल येते आणि कुलूप जुन्या फाइलवरच राहते.