कुकी-कॅशे पुसणे

कुकी-कॅशे पुसणे : ब्राउझरने (संकेतस्थळे उघडण्याच्या प्रोग्रॅमने) संगणकावर किंवा मोबाइलवर साठवलेल्या दोन प्रकारच्या नोंदी काढून टाकण्याची क्रिया. कुकी म्हणजे संकेतस्थळाने ओळख पटावी म्हणून ब्राउझरकडे ठेवायला दिलेली मजकुराची लहान नोंद. कॅशे म्हणजे एकदा उतरवलेली चित्रे, मांडणी व प्रोग्रॅम पुन्हा मागवावे लागू नयेत म्हणून केलेला साठा. खानदेशातील (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रांत ही दोन्ही कामे ‘हिस्टरी उडवणे’ या एकाच नावाखाली एका दमात उरकली जातात. प्रस्तुत नोंदीत ती वेगळी धरली आहेत, कारण त्यांचे मूळ वेगळे आणि पुसल्यानंतरचे परिणामही वेगळे.

कुकी : ही युक्ती ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांची, काळ १९९४ च्या मध्याचा धरतात. ऑनलाइन दुकानातील अर्धवट खरेदीची नोंद सर्व्हरवर (संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकावर) न ठेवता ग्राहकाच्याच संगणकावर ठेवता यावी, ही मूळ गरज. १३ ऑक्टोबर १९९४ रोजी आलेल्या नेटस्केपच्या चाचणी आवृत्तीत कुकीची सोय होती. पहिले तपशीलपत्र माँटुली यांनी जॉन जियानँड्रिया यांच्यासह लिहिले. पुढे आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) २१०९ (१९९७), २९६५ (२०००) आणि ६२६५ (२०११) अशी प्रमाणके निघाली. पहिल्या दोहोंप्रमाणे ब्राउझर प्रत्यक्षात फारसे चाललेच नाहीत. तिसऱ्याने आधीपासून रूढ असलेला व्यवहारच नियम म्हणून नोंदवला. त्यानुसार ब्राउझरने एका कुकीला किमान ४,०९६ बाइट, एका डोमेनला (संकेतस्थळाच्या नावाला) किमान ५० आणि एकूण किमान ३,००० कुकी सामावून घ्याव्यात.

नावाविषयी मतभेद आहेत. चिनी उपाहारगृहांत मिळणाऱ्या, पोटात भविष्याची चिठ्ठी असलेल्या बिस्किटावरून हे नाव आले, असे एक मत. जंगलात वाट चुकू नये म्हणून मुलांनी पावाचे तुकडे टाकत जाण्याच्या युरोपीय लोककथेशीही त्याचा संबंध जोडतात. हा मागाहून सुचलेला अर्थ दिसतो. तिसऱ्या मतानुसार युनिक्स या संगणक कार्यप्रणालीच्या परंपरेतील ‘मॅजिक कुकी’ (प्रोग्रॅमांनी एकमेकांना जसाच्या तसा परत करायचा खुणेचा तुकडा) ही संज्ञा येथे उचलली गेली. ही संज्ञा निदान १९७९ पासून युनिक्सच्या माहितीपुस्तिकेत आढळते, आणि शब्द संगणकशास्त्रातील जुन्या संज्ञेवरून घेतल्याचे खुद्द माँटुली यांनी सांगितले आहे. त्यामुळे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘मॅजिक कुकी’च्या मुळाशी पुन्हा तेच चिठ्ठीचे बिस्कीट असणे शक्य आहे, तसे असल्यास पहिले मत एका पायरीने मागे सरकते, पूर्णपणे खोडले जात नाही.

अर्थाच्या दृष्टीने पिठाच्या गिरणीतील चिठ्ठी जवळची. डब्यावर चिकटवलेल्या ‘४७’ या आकड्यातून गहू कोणाचे आणि दळण जाड की बारीक हे कळत नाही. ते गिरणीवाल्याच्या वहीत असते. चिठ्ठी हरवली तरी पीठ गिरणीतच राहते, फक्त ते आपले असल्याचे नव्याने पटवावे लागते. कुकी पुसल्यावर लॉगिन जाते पण भरलेला अर्ज सर्व्हरवर शाबूत राहतो, तो याच न्यायाने. न जतन केलेल्या मजकुराला मात्र हा न्याय लागू नाही.

कॅशे : ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला शब्द. संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणाऱ्या जलद स्मृतीची कल्पना वेगळ्या नावाने मांडली होती; आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या संगणकाच्या निमित्ताने १९६८ मध्ये ‘कॅशे’ हे नाव छापून आले व रुळले. वेबवर साठा किती काळ ताजा मानावा याचे नियम १९९६ पासून प्रमाणित होत गेले. सध्याचे आरएफसी ९१११ हे २०२२ चे. मुदत संपली की ब्राउझर सर्व्हरला विचारतो. काही बदलले नसल्यास ३०४ हा क्रमांक येतो आणि जुनीच प्रत वापरली जाते.

मूळ उच्चार ‘कॅश’. जळगावच्या सराफ बाजारात या शब्दाचा एकच अर्थ होतो, म्हणून मराठीत ‘कॅशे’ लिहिणे सोयीचे ठरले. ‘कॅचे’ हा उच्चारही कानी पडतो. मराठी विकिपीडियावरील सूचनांत ‘सय’ हा शब्द योजला आहे. तो नेमका व सुंदर आहे, पण बोलण्यात उतरलेला नाही.

खानदेशातील व्यवहार : शिष्यवृत्ती, फळपीक विमा, दाखले यांचे अर्ज गावोगावी सेवा केंद्रांतून भरले जातात. पान बदलूनही पूर्वीचेच दिसू लागले की ‘जुनंच दखाडस’ (जुनेच दाखवते) अशी अहिराणी तक्रार येते. हा दोष कॅशेचा : पान नवे, पण त्याला जोडलेला प्रोग्रॅम साठ्यातला जुना, त्यामुळे बटण दाबले तरी हलत नाही. बहुधा कंट्रोल-एफ५ (साठा टाळून पान नव्याने मागवणे) एवढ्यावर काम भागते. ‘सेशन संपले’ हा संदेश पुन्हापुन्हा येणे किंवा पान उघडण्याआधीच ४०० क्रमांकाची चूक दिसणे हा बहुधा कुकीचा दोष. साचलेल्या कुकींचा आकार सर्व्हरच्या मर्यादेपलीकडे गेला तरी असे घडते. शेवटच्या तारखेला सर्व्हरच गळाठला असेल, तर मात्र कितीही पुसले तरी उपयोग नसतो, आणि नेमक्या त्याच दिवशी सर्वाधिक पुसापुशी चालते.

एकाच संगणकावर दिवसभर वेगवेगळ्या माणसांची कामे होतात, तेव्हा कुकी पुसणे ही सोय न राहता गरज बनते. आधीच्या अर्जदाराने लॉग आउट केले नसेल, तर पुढच्याचा अर्ज त्याच्या नावाने उघडतो. अशा वेळी कुकी पुसावी व कॅशे राहू द्यावी. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरपट्ट्यात नेट क्षीण असते तिथे प्रत्येक अर्जागणिक तीच चित्रे नव्याने उतरवणे परवडत नाही. प्रत्येक अर्जदारासाठी ब्राउझरची खाजगी खिडकी (इन्कॉग्निटो) उघडणे अधिक सोपे, मात्र अशा सर्व खिडक्या बंद केल्याशिवाय त्यांच्यातील कुकी जात नाहीत.

अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये एखाद्या ॲपपुढे ‘क्लिअर कॅशे’ व ‘क्लिअर डेटा’ हे पर्याय जवळजवळ असतात. पहिला निरुपद्रवी आहे. दुसऱ्याने ॲप नव्याने बसवल्यासारखे कोरे होते.

संगणकाच्या ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबल्यावर येणाऱ्या पुसण्याच्या चौकटीत कालावधी पाहून निवडावा लागतो. ‘मागील एक तास’ निवडलेले राहिल्यास सकाळच्या अर्जदारांच्या कुकी तशाच राहतात. ‘सर्व काळ’ निवडूनही डाउनलोड फोल्डरला हात लागत नाही. यादीतील नाव जाते, फाइल जात नाही. त्यामुळे कुकी-कॅशे स्वच्छ असलेल्या संगणकावरही आधीच्या माणसाचे आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला व बँक पासबुकाचे पहिले पान त्या फोल्डरमध्ये पडून असते. ते वेगळे पुसून रिसायकल बिनही रिकामी करावी लागते.