विजया मेहता: नानी, मावशी आणि हमीदाबाई

बडोद्यात मराठी नाटकाचा विषय निघाला की विजया मेहतांचं नाव 'आपल्या बडोद्याच्या' म्हणून घेतलं जातं. जन्मापुरतं ते बरोबर आहे. माहेरच्या विजया जयवंत यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९३४चा, बडोद्यातला. त्याच वर्षी ना. गो. चापेकरांच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलन भरलं होतं. सयाजीरावांची गायनशाळा तर १८८६पासून चालू होती. पण या वातावरणाने त्यांना घडवलं असं लिहिण्याचा मोह टाळलेला बरा. त्यांची नाटकातली घडण मुंबईची. इब्राहिम अल्काझी आणि अदी मर्झबान या नाट्यदिग्दर्शकांकडे त्या शिकल्या आणि १९६०मध्ये विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासोबत त्यांनी 'रंगायन' ही नाट्यसंस्था उभी केली.

रंगायनने फ्रेंच नाटककार आयनेस्को मराठीत आणला, चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव' हे नाटक १९६६मध्ये रंगमंचावर आणलं. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार विजयाबाईंना १९७५मध्ये मिळाला तो दिग्दर्शनासाठी. तेव्हापासून त्यांची नोंद 'दिग्दर्शिका' अशीच होत गेली आणि अभिनेत्री तळटीपेत गेली. 'अष्टपैलू' हे विशेषण लावलं की अभिनयाकडे बघायचंच राहून जातं.

जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' नाटकातली नानी घ्या. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात, घरात दोन म्हातारी माणसं. माधव वाटवे नाना, विजयाबाई नानी, आणि दिग्दर्शनही त्यांचंच. त्या वेळी त्यांचं वय चाळिशीच्या आसपास होतं. या वयात सत्तरीची बाई करायची तर हौशी मंडळी पहिल्या तालमीलाच कंबर वाकवतात आणि आवाज कापरा करतात. दोन्ही फसतं. वाकल्यामुळे छाती दबते, श्वास अपुरा पडतो आणि लांब वाक्याचा शेवट चौथ्या-पाचव्या रांगेपलीकडे जात नाही. कापऱ्या आवाजात शब्द तुटतात, आणि पंधरा मिनिटांत प्रेक्षकाला त्या कापरेपणाची सवय होऊन जाते. मग खरोखर गहिवरायच्या जागी नटीकडे काही शिल्लकच राहत नाही. म्हातारपण दाखवायचं ते वेळेत. खुर्चीतून उठण्याआधी हात आधी दांड्यावर, मग क्षणभर थांबणं, मग उठणं. प्रश्न कानावर पडल्यावर उत्तराला अर्धा श्वास उशीर. असा उशीर पहिल्या प्रवेशापासून सारखाच ठेवला तर शेवटच्या अंकात तो थोडा लांबवला तरी पुरतो.

मग आली 'बॅरिस्टर'मधली मावशी. दळवींनी आपल्याच 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून लिहिलेलं हे नाटक. विक्रम गोखले बॅरिस्टर, सुहास जोशी राधा, आणि केशवपन झालेली मावशी विजयाबाई. ही भूमिका करणाऱ्या नटीला वेशापासूनच अडचण असते. आलवणाचा, म्हणजे विधवेच्या लाल लुगड्याचा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत आणि कानांवरून घट्ट ओढलेला असतो. त्यामुळे मागून येणारं वाक्य नीट ऐकू येत नाही, आणि मान थोडी जरी वळली तरी बाजूच्या प्रेक्षकांना चेहऱ्याऐवजी कापडच दिसतं. म्हणून उभं राहण्याच्या जागा तालमीतच अशा ठरवाव्या लागतात की समोरच्याशी बोलतानाही चेहरा निम्म्याहून जास्त प्रेक्षकांकडे राहील. पदर पहिल्या दिवसापासून डोक्यावर घेऊन तालीम करावी. रंगीत तालमीला पहिल्यांदा घेतला तर हात सारखा तो सावरण्यातच गुंततात.

हीच मावशी पुढे पडद्यावर गेली. 'बॅरिस्टर'वरून विजयाबाईंनीच हिंदीत 'रावसाहेब' हा चित्रपट केला. त्यात अनुपम खेर, तन्वी आझमी, निळू फुले होते आणि मावशी पुन्हा त्या स्वतः. ३३व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री म्हणून त्यांना गौरवलं गेलं ते या भूमिकेसाठी. नाटकात मुरलेली भूमिका कॅमेऱ्यासमोर नेणं ही नव्या भूमिकेपेक्षा अवघड गोष्ट आहे, कारण शरीराला जुनी मापं पाठ झालेली असतात. सातशे-आठशे खुर्च्यांसाठी उचललेली भुवई जवळच्या दृश्यात आरडाओरडा वाटते. रंगमंचावर नजर समोरच्या नटाच्या खांद्यावरून प्रेक्षागृहात सोडायची सवय असते. इथे ती त्याच्या डोळ्यांतच ठेवावी लागते. शिवाय चित्रीकरण उलटसुलट क्रमाने होतं. नाटकात अडीच तासांत जो ताण आपोआप चढतो, तो इथे प्रत्येक शॉटपूर्वी आठवून आणावा लागतो. संहितेच्या समासात 'याआधी काय घडून गेलंय' हे एका ओळीत लिहून ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय. त्यात दिग्दर्शनही आपलंच असेल तर शॉट चालू असताना बाहेरून बघणारा डोळा दुसऱ्याकडून उसना घ्यावा लागतो.

अनिल बर्वेंच्या 'हमीदाबाईची कोठी' या नाटकात त्या स्वतः हमीदाबाई होत्या. नाना पाटेकर आणि अशोक सराफ त्यातच होते. सोवळ्या मावशीनंतर कोठीवरची गाणारी बाई. बैठक, हाताची ठेवण, उर्दूचा लहेजा, सगळंच वेगळं. पडद्यावर श्याम बेनेगलांचा 'कलयुग', गोविंद निहलानींचा 'पार्टी' (१९८४). दिग्दर्शित केलेला 'पेस्तनजी', दूरदर्शनवरची 'लाइफलाइन' मालिका आणि १९८७ची पद्मश्री यांची नोंद इथे एवढीच.

एक गोष्ट मात्र यादीत सहसा येत नाही. दिग्दर्शन हातात असताना मध्यवर्ती भूमिका त्यांनी सहसा स्वतःकडे ठेवल्या नाहीत. नानी आणि हमीदाबाई हे अपवाद. 'बॅरिस्टर'मध्ये मावशी कथेच्या कडेला आहे. दळवींच्याच 'पुरुष' नाटकात नायिका रीमा. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वरून दूरदर्शनसाठी चित्रपट केला, तेव्हा लक्ष्मीबाई झाल्या सुहास जोशी, म्हणजे 'बॅरिस्टर'मधली त्यांचीच राधा.