46 मोजायला 1955 का उजाडावं लागलं?

माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात, हे आज दहावीतलं कुणीही पटकन सांगेल. पण आपल्या आजी-आजोबांच्या काळातल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत 48 हा आकडा असायचा. 1923 मध्ये अमेरिकेतले थिओफिलस पेंटर यांनी तो दिला आणि तीसेक वर्षं तोच टिकला. पेंटर यांचं काम निष्काळजीपणाचं मुळीच नव्हतं. मोजायची गोष्टच फार अवघड होती.

पेशी विभाजित होत नसते तेव्हा गुणसूत्रं सुटी दिसतच नाहीत. ती ज्याची बनलेली असतात तो डीएनए, एका पेशीत सुमारे 2 मीटर, केंद्रकभर पसरलेला असतो. विभाजनाआधी त्याची प्रत तयार होते. मग विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात, पूर्वावस्थेत, गुणसूत्रं आखडून जाड होतात आणि मध्यावस्थेत पेशीच्या मधोमध ओळीनं येतात. प्रत्येकाची दोन अर्धगुणसूत्रं, म्हणजे मूळ आणि प्रत, गुणसूत्रबिंदूपाशी अजून जोडलेली असतात. मोजायची ती हीच वेळ, कारण पुढचा टप्पा, पश्चावस्था, सुरू झाला की तुर्कतंतू म्हणजे पेशीतले बारीक धागे त्यांना दोन टोकांकडे ओढून नेतात. शिवाय मध्यावस्थेतही गुणसूत्रं एकमेकांवर इतकी पडलेली असतात की एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं, ते कळत नाही.

ही अडचण दोन युक्त्यांनी सुटली. पहिली कोल्चिसिनची. आपल्याकडे पावसाळ्यात लाल-पिवळी फुलं येणाऱ्या कळलावीच्या कंदात असतं तेच हे विष. ते तुर्कतंतू तयारच होऊ देत नाही, त्यामुळे पेशी मध्यावस्थेपाशी अडकून पडतात. दुसरी युक्ती साधी, पण मला सर्वांत आवडते ती हीच: पेशी कमी क्षारांच्या द्रावणात ठेवायच्या. परासरणामुळे पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि गुणसूत्रं एकमेकांपासून दूर होतात. मग काचपट्टीवर ती हलकेच दाबली की एकेक मोजता येतं.

स्वीडनमधल्या लुंड इथं जावात जन्मलेले जो हिन चिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी 1955 च्या अखेरीस असंच केलं. पेशीमागून पेशी तपासली, आकडा 46 च. पुढच्याच वर्षी त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

नेमका आकडा हाती आल्यामुळेच 1959 मध्ये पॅरिसच्या संशोधकांना डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत 47 गुणसूत्रं आढळली, तेव्हा त्याचा अर्थ लागला. 21 व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती होत्या. ही चूक बहुतेक वेळा अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे अंडपेशी आणि शुक्रपेशी तयार करणाऱ्या विभाजनात होते. या विभाजनात 23 जोड्यांतलं एकेक गुणसूत्र वेगळं होऊन युग्मकात (अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत) 23 च जायला हवीत, पण एखादी जोडी सुटतच नाही. असं अंडपेशीत जास्त घडतं आणि आईच्या वयाबरोबर त्याची शक्यता वाढते. त्याचं एक कारण असं, की अंडपेशीचं हे विभाजन मुलगी जन्मण्याआधीच सुरू होतं, मध्येच थांबतं आणि पुढं कित्येक वर्षं थांबूनच राहतं. तुमची आई आजीच्या पोटात होती, तेव्हाच तुमच्या निम्म्या गुणसूत्रांची जुळणी सुरू झाली होती.