हृदयाचा जोर आणि कॅल्शियमची ये-जा

जड वस्तू उचलताना दंडाचा स्नायू जास्तीचे तंतू कामाला लावतो. हृदयाला ती सोय नाही. त्याच्या प्रत्येक ठोक्यात झाडून सगळ्या पेशी आकुंचन पावतात, राखीव कोणी नसतंच. मग जिना चढताना ठोका जोरकस होतो तो कशाच्या बळावर?

हे कोडं १८७१ मध्ये हेन्री बोडिच यांच्यासमोर आलं होतं. लाइपझिगमध्ये कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत ते बेडकाच्या हृदयाच्या टोकाला विजेचे झटके देत. झटका सौम्य असो वा तीव्र, आकुंचन झालं तर पुरतं, नाहीतर मुळीच नाही. पण मध्ये थांबून झटके पुन्हा सुरू केले, की पहिले ठोके दुबळे पडत आणि मग जिन्याच्या पायऱ्यांसारखा जोर चढत जाई. म्हणजे पेशींची संख्या तीच, झटकाही तोच, तरी आत काहीतरी साठत होतं. काय, ते सांगायला तेव्हा कुणाकडे साधन नव्हतं.

लंडनच्या सिडनी रिंगर यांनी १८८२ मध्ये मिठाच्या पाण्यात बेडकाचं हृदय धडधडत ठेवलं. नंतर लक्षात आलं, की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचं नव्हतंच, नळाच्या पाण्याचं होतं. शुद्ध पाणी वापरताच ठोके मंदावून थांबले. कॅल्शियम घातल्यावर परत आले. ही गोष्ट नेहमी सुदैवी चूक म्हणून सांगतात. मला मोठी वाटते ती पुढची पायरी: १८८३ मध्ये त्यांनी आपलेच छापलेले निष्कर्ष चुकीचे होते, असं त्याच नियतकालिकात लिहिलं.

त्यानंतर साठेक वर्षं कॅल्शियम अडगळीत पडलं. १९४७ मध्ये हाइलब्रुन आणि विएर्चिन्स्की यांनी स्नायुतंतूत एकेक आयन टोचून पाहिला. पेशीत एरवी असणाऱ्या आयनांपैकी तंतू आखडला तो एका कॅल्शियमनं. तरीही जैवरसायनाचा सगळा ओढा एटीपीकडे, म्हणजे पेशीच्या इंधनाकडे होता.

वळण आलं ते उलट्या बाजूनं, स्नायू सैल कसा पडतो या प्रश्नातून. १९५१ मध्ये मार्श यांना स्नायूच्या अर्कात सैल करणारा घटक सापडला होता. तो विरघळलेला पदार्थ असेल असं वाटत होतं; प्रत्यक्षात त्या निघाल्या बारीक पडद्याच्या पिशव्या, सार्कोप्लाज्मिक रेटिक्युलमचे, म्हणजे स्नायुपेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याचे तुकडे. १९६०च्या आसपास जर्मनीत हासेलबाख आणि माकिनोसे, तर जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी दाखवलं, की या पिशव्या एटीपी खर्चून कॅल्शियम आत ओढतात. एबाशींनी १९६५ मध्ये कॅल्शियमला धरणारं प्रथिनही सांगितलं: ट्रोपोनिन.

बोडिचच्या जिन्याचा अर्थ आता लागू लागला. विश्रांतीत पेशीतलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतं. ठोक्याच्या वेळी बाहेरून थोडंसं शिरतं आणि ते या पिशव्यांतल्या साठ्याचं दार उघडतं. हृदयपेशींत ही साखळी फाबियातो यांनी १९७०-८०च्या दशकांत बारकाईनं मांडली. ठोके लागोपाठ आले की पिशव्यांच्या ओढून घेणाऱ्या पंपाला जास्त कॅल्शियम मिळतं, साठा भरतो, पुढचा ठोका दणदणीत.

इंग्लंडचे डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये ज्या डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधाचं गुणगान केलं, त्याचंही गुपित इथेच होतं. ते सोडियम बाहेर टाकणारा पंप अडवतं, पेशीत सोडियम वाढतं, त्यामुळे कॅल्शियम बाहेर पडणं मंदावतं. औषध आधी, कारण पावणेदोनशे वर्षांनी!

निकामी होत चाललेल्या हृदयात हाच साठ्याचा पंप ढिला पडलेला दिसतो. म्हणून त्याचं जनुक विषाणूवाटे हृदयात पोचवून पाहिलं गेलं. २५० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला आणि फायदा दिसला नाही. तपासलेल्या थोड्या नमुन्यांत जनुक फारच कमी पोचलं होतं. त्यामुळे कल्पनाच फसली की पोचवण्याची रीत, हा वाद तिथेच राहिला.